जमीन तापवणेबाबत

एका ब्याऐंशी वर्षांच्या बाईचे पाय गार पडतात, म्हणून तिच्या खोलीची जमीन जरा गरम करायची, ही बाब वरवर पाहता घरगुती वाटते. ती तशी नाही. ती किती गंभीर आहे हे ठरायला दोन खाती, पाच महिने आणि एक शब्द खर्ची पडला.

बाई म्हणजे वेलांटीरावांची आत्या. वेलांटीराव हे अर्थातच टोपणनाव. छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासताना त्यांनी लोकांच्या इतक्या वेलांट्या ऱ्हस्वाच्या दीर्घ आणि दीर्घाच्या ऱ्हस्व केल्या होत्या, की खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं. माणूस सज्जन. पण लग्नाचं आमंत्रण हातात पडलं तरी आधी त्यातल्या चुका बघणार आणि मग लग्न कोणाचं आहे ते. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हा आत्याने त्यांना आपल्याकडे आणून वाढवलं. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात ही दोघंच.

गेल्या हिवाळ्यात आत्याने पहिल्या गारठ्याला जे अंथरूण धरलं ते उन्हं तापेपर्यंत सोडलं नाही. "जमीन चावते रे," एवढंच म्हणायची आणि पाय वर ओढून घ्यायची. मोजे घातले की घसरायची. चप्पल घरात घालणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं आणि तत्त्व बदलण्याचं तिचं वय राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी गुडघे वाकवून पाहिले, पावलं दाबून पाहिली आणि वेलांटीरावांना बाहेर घेऊन सांगितलं, "पायांना काहीही झालेलं नाही. चालते ठेवले तर चालतील. पण आणखी एक हिवाळा झोपून काढला, तर त्यानंतर चालण्याचा विषय संपला असं समजा."

वेलांटीराव घाबरले. त्यांना जगात एकच माणूस होतं आणि ते माणूस अंथरुणाला खिळणार होतं. हिवाळ्याला अडीच महिने असताना त्यांनी वायरमनला बोलावलं.

वायरमन आला, खोलीत गुडघ्यावर बसला, फरशीवर बोटाची गाठ वाजवली आणि म्हणाला, "सोपं आहे. फरशी उचलायची, खाली उष्णता अडवणारे पत्रे टाकायचे, त्यावर ही जाळी अंथरायची." जाळीवर लाल तार नागमोडी शिवून बसवलेली होती. "ही तार कुठे कापायची नाही, एकीवर एक येऊ द्यायची नाही. मध्ये एका नळीत सेन्सर. भिंतीवर बटण. वेगळी लाईन, वेगळा ब्रेकर. वरून सिमेंटचा पातळ माल ओतला, फरशी परत बसवली, माल वाळायला तीन आठवडे दिले, की आजींनी बटण फिरवायचं."

"बाई गं," आत्या म्हणाली, "आणि शॉक?"

"आजी, तारेला जरासं जरी काही झालं, तरी तुम्हाला कळायच्या आत ब्रेकर पडेल." वायरमनने मीटरची दोन टोकं तारेला लावली. "हे बघा, चव्वेचाळीस ओहम. अंथरण्याआधी चव्वेचाळीस, अंथरल्यावर चव्वेचाळीस, फरशी बसल्यावर चव्वेचाळीस. आकडा हलला नाही म्हणजे तार धडधाकट."

आत्याला हे फार पटलं. स्वतःच्या रक्तदाबाबद्दल तिला इतकं खात्रीलायक कोणी कधी काही सांगितलं नव्हतं. वायरमनने पेन्सिलीने भिंतीवर ४४ लिहिलं आणि जाता जाता म्हणाला, "तेवढा वीज खात्यात अर्ज टाका. भार वाढतोय ना. नुसता शिक्का असतो. कामाच्या रकान्यात 'फ्लोअर हीटिंग' लिहा, सगळे तेच लिहितात."

"सगळे चुकीचं लिहितात म्हणून तर मला नोकरी आहे," वेलांटीराव म्हणाले.

त्या संध्याकाळी ते अर्ज घेऊन बसले. परभाषेतला शब्द त्यांच्या हातून उतरणं शक्य नव्हतं. 'फरशी' लिहावं, तर फरशी म्हणजे वरची लादी, तार तर लादीच्या खाली. लादीखाली काय असतं? जमीन. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'राहत्या घरातील एका खोलीच्या जमिनीखाली उष्णतार अंथरून जमीन तापवणे.' दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती. आयुष्यातली सर्वांत मोठी चूक माणूस इतक्या शुद्ध भाषेत सहसा करत नाही.

वीज खात्यात तिसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी अर्जावर आवक क्रमांक टाकला, नोंदवहीत ओळ भरली आणि मग तो वाचला. त्यांच्या टेबलाखाली एक छोटा हीटर लालबुंद होऊन बसला होता आणि बाईंचे दोन्ही पाय त्याच्यासमोर निवांत पसरलेले होते.

"हे जमिनीचं आहे," बाई म्हणाल्या. "जमीन म्हटलं की भूमी खातं. त्यांचा ना-हरकत दाखला आणा."

"अहो, घरातली जमीन. आपण जिच्यावर चालतो ती."

"आणि बाहेरच्या जमिनीवर काय लोक उडतात?"

"बाई, तिसऱ्या मजल्यावर आहे ती."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "मग तर आणखीच अवघड. जमीन तिसऱ्या मजल्यावर गेली कशी, हे आधी त्यांना बघावं लागेल."

वेलांटीरावांनी हात पुढे केला. "द्या तो कागद. मी शब्द बदलून देतो."

"आता नोंद झाली. आता बदल म्हणजे दुरुस्ती. दुरुस्ती म्हणजे आधी चूक होती." बाईंनी खणातून एक गुलाबी कागद काढला. "इथे लिहा, की मूळ अर्जात माझ्याकडून चुकीचा शब्द वापरला गेला. खाली सही."

एका ओळीचं काम होतं. मागे रांगेतले लोक घसे खाकरत होते. पण वेलांटीरावांचा हात उठेना. एकतीस वर्षं त्यांनी लेखकांना, कवींना, दोन माजी न्यायाधीशांना चुकीचे शब्द दाखवून दिले होते. स्वतःच्या हाताने 'माझा शब्द चुकला' असं लिहून द्यायचं?

"शब्द चुकीचा नाही," ते म्हणाले.

"मग दुरुस्ती कशाला?" बाई म्हणाल्या आणि गुलाबी कागद परत खणात गेला.

अशा रीतीने प्रकरण भूमी खात्याकडे रवाना झालं. कागदाच्या डोक्यावर कोणीतरी लिहिलं होतं, 'विषय : जमीन तापवणेबाबत'. वेलांटीरावांना ते लागलं. 'तापवण्याबाबत' हवं. पण त्यांनी दात आवळून स्वतःला आवरलं.

इकडे वायरमन थांबला नव्हता. शिक्का काय येईलच, म्हणून त्याने फरशी उचलली, पत्रे टाकले, जाळी अंथरली, मीटर लावून पहिल्या ४४ खाली दुसरं ४४ लिहिलं. आत्याची खाट बाहेरच्या खोलीत आली. माल ओतायला दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आधी मोजणीदार आला.

मोजणीदार खांद्यावर साखळी टाकून तीन मजले चढला होता, त्यामुळे सुरुवातीपासूनच नाराज होता. त्याने दारात उभं राहून खोलीकडे पाहिलं, खिडकीतून खाली पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'जमीन समक्ष पाहिली. उंच आहे.' मग चतुःसीमा घेतल्या. पूर्वेस कपाट, पश्चिमेस खिडकी, उत्तरेस न्हाणीघर. दक्षिणेला दार होतं आणि दारात खुर्ची टाकून आत्या बसली होती, म्हणून दक्षिणेस आत्या.

"अर्जात 'जमिनीखाली' म्हटलंय," मोजणीदार म्हणाला. "खाली कोण?"

"खालचे," वेलांटीराव म्हणाले.

खालचे म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. ते दिवसभर घरीच असत आणि कोणीतरी आपलं मत विचारील याची वाट बघत असत. मोजणीदाराने त्यांना लगतचे भूधारक म्हणून जागच्या जागी नोटीस दिली. हरकत आहे का असं सरकारी कागदावर विचारलं, की माणसाला ती असल्याचं आठवतंच. त्यांनी पाठपोट तीन पानं लिहून दिली. पहिलं वाक्य होतं, 'माझ्या छतावर कोणाचीतरी जमीन आहे, हे मला आजवर कळवण्यात आलेले नाही.'

मोजणीदार परत वर आला. "ताबा कोणाचा?"

"माझा," आत्या म्हणाली. घर तिचंच होतं.

"किती वर्षं?"

"एकावन्न."

"एवढ्या वर्षांत या जमिनीवर काय वाढवलं?"

आत्याला प्रश्न मुळीच चमत्कारिक वाटला नाही. उलट हे कोणीतरी विचारावं असं तिला फार दिवस वाटत असावं. तिने वेलांटीरावांकडे बोट केलं. "ह्याला वाढवलं. आला तेव्हा एवढासा होता. दूधसुद्धा पचत नव्हतं."

मोजणीदाराने रकाना भरला: 'पिक : भाचा. नग एक.'

वेलांटीराव त्याच्या खांद्यावरून वाचत होते. इथे कोणीही शहाणा माणूस ओरडला असता. वेलांटीरावही ओरडले. "पिक नव्हे! पीक! दीर्घ!"

मोजणीदाराने त्यांच्याकडे आदराने पाहिलं, वेलांटी दुरुस्त केली आणि वही पुढे केली. "दुरुस्तीवर सही लागेल." वेलांटीरावांनी समाधानाने सही केली. सही करून झाल्यावर त्यांनी पूर्ण ओळ वाचली.

"आता हे सहीनिशी पक्कं झालं," मोजणीदार साखळी गुंडाळत म्हणाला. "तुम्ही पीक. त्यामुळे तुम्हाला अर्जदार राहता येणार नाही, पिकाचा अर्ज खातं घेत नाही. अर्जदार या आजी. सुनावणीला त्यांना समक्ष यावं लागेल. आणि निकालापर्यंत जमीन जैसे थे. माल ओतायचा नाही, फरशी लावायची नाही, तारेला हात लावायचा नाही." त्याने दाराच्या चौकटीला कागद चिकटवला.

वायरमन दुपारी मालाची पोती घेऊन आला आणि तो कागद वाचून जिन्यातच बसला. "मी चोरून जोडून देतो," तो हळूच म्हणाला. पण खालच्यांनी आता छताखाली खुर्ची टाकली होती आणि वरती पाऊल वाजलं की ते वेळ टिपून ठेवत होते.

"निदान मोजून तर बघता येईल ना?" आत्याने विचारलं. मोजण्याला हात लावणं म्हणतात का, यावर थोडी चर्चा झाली. मग वायरमनने चौकटीबाहेर उभं राहून भिंतीतून लोंबणाऱ्या तारेच्या शेपटाला मीटर लावलं. चव्वेचाळीस. आत्याला बरं वाटलं. तेवढं एक तरी जागेवर होतं.

मग थंडी पडली. आत्याने बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर पाय वर ओढून घेतले आणि 'चावते' म्हणाली. वेलांटीराव छापखान्यात प्रूफं पुढे घेऊन बसत आणि त्यांना ओळी दिसत नसत, त्या खाटेवरचे पाय दिसत. एका पाठ्यपुस्तकात चक्क 'इतीहास' छापून गेलं. त्याआधी असं कधीच झालं नव्हतं. आपण त्या दिवशी गुलाबी कागदावर सही केली असती तर, हा विचार ते दिवसातून दहा वेळा करत आणि दहाही वेळा स्वतःची लाज वाटून दुसरीकडे बघत.

सुनावणीची तारीख आली. आत्याला खुर्चीत बसवून वायरमन आणि वेलांटीरावांनी तीन मजले खाली आणलं. भूमी खात्यात साहेबांची खोली तळमजल्यावर होती, ही त्या खात्याने जनतेसाठी केलेली एकमेव सोय. दाराशी आत्या म्हणाली, "थांबा, आत मी खुर्चीतून जाणार नाही. साहेब काय म्हणतील." सवयीने तिने चपला बाहेर काढल्या, चौकट धरली आणि एक पाय आत टाकला.

आणि तशीच उभी राहिली. वेलांटीरावांना वाटलं, आता पाय मागे घेईल. तिने दुसराही आत टाकला.

"अरे," ती म्हणाली, "ही चावत नाही."

ती चालू लागली. दारापासून साहेबांच्या टेबलापर्यंत गेली, टेबलाला वळसा घालून खिडकीपर्यंत गेली, खिडकीपासून परत आली. जमिनीवर भिंतीच्या कडेने फायलींचे गठ्ठे रचलेले होते. त्यांच्या मधून ती अशी फिरत होती, की जणू माहेरच्या अंगणात आली आहे. वेलांटीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, तर तिथे बटण दिसलं. पांढरं, गोल. हुबेहूब असंच बटण वायरमनने आत्याच्या खोलीसाठी आणून ठेवलं होतं.

"आजी, बसा ना," साहेब म्हणाले. ते भले गृहस्थ होते आणि टेबलाखाली नुसत्या मोज्यांवर बसले होते.

"बसेन हो. घरी बसायचंच आहे. तुम्ही विचारा काय विचारायचं ते."

साहेबांनी पाऊण तास विचारलं आणि आत्याने पाऊण तास चालत उत्तरं दिली. क्षेत्रफळात अर्ध्या फुटाचा फरक निघाला म्हणून पुढची तारीख पडली, गुरुवारची.

बाहेर आल्यावर वेलांटीरावांनी वायरमनला गाठलं. "साहेबांच्या खोलीत..."

"मीच टाकलीय," वायरमन म्हणाला. "तीन वर्षं झाली. आठ दिवसांत मंजूर झालं. कागदावर 'अभिलेख शुष्कीकरण' आहे. म्हणजे फायली कोरड्या ठेवायची व्यवस्था. म्हणून तर त्या जमिनीवर ठेवतात. मी तुम्हाला आधीच शब्द सांगितला नव्हता?"

 'शुष्कीकरण' लिहिताना लोक नेहमी पहिला उकार चुकवतात, एवढंच वेलांटीरावांच्या मनात आलं.

गुरुवारी आत्या सकाळी सातपासून तयार होऊन बसली. त्याच्या पुढच्या गुरुवारी जिने उतरताना तिने खुर्ची नाकारून काठी घेतली. चौथ्या सुनावणीला काठी घरी विसरली आणि घरी येईपर्यंत तिच्या ते लक्षातही आलं नाही. डॉक्टर खूश झाले. "काय उपचार चालू आहेत?" त्यांनी विचारलं. "सुनावणी," वेलांटीराव म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवून कागदावर लिहिलं, 'चालू ठेवावी.'

पाचव्या गुरुवारी साहेबांनी फाईल बंद केली आणि प्रसन्नपणे हसले. "झालं आजी. सगळे कागद जुळले. खालच्यांची हरकतही फेटाळली. आज सुनावणी संपली. आता नव्वद कामकाजी दिवसांत निकाल लागेल, आणि तो तुमच्या बाजूनेच लागेल."

"आणि तोवर?" आत्या चालता चालता थांबली.

"तोवर तुम्हाला यायचं कारण नाही. घरी आराम करा."

वेलांटीरावांनी मनात दिवस मोजले. नव्वद कामकाजी दिवस, मधले रविवार, सुट्ट्या. म्हणजे उरलेला सगळा हिवाळा. घरी चौकटीवर कागद, खाटेवर वर ओढलेले पाय, आणि त्यानंतर, डॉक्टर म्हणाले तसं, विषय संपला. आत्या खिडकीजवळ उभी होती.  तिने आपल्या पावलांकडे पाहिलं.

"साहेब," वेलांटीराव उठून म्हणाले, "अर्जात एक चूक आहे."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारो वेळा उच्चारलं होतं, पण स्वतःच्या कागदाबद्दल कधीच नाही.

"कुठे?"

"वरच. विषयात. 'तापवणेबाबत' नव्हे, 'तापवण्याबाबत'."

साहेबांनी चष्मा लावला. कारकुनाला बोलावलं. दोघांनी मिळून ती ओळ वाचली. "म्हणजे विषयच चुकला," साहेब गंभीरपणे म्हणाले. "विषय चुकला म्हणजे आपण इतके दिवस दुसऱ्याच विषयावर सुनावणी घेत होतो. आता सगळं पहिल्यापासून घ्यावं लागेल. आजी, माफ करा, तुम्हाला पुन्हा त्रास."

"काही त्रास नाही," आत्या म्हणाली आणि पुढे चालू लागली.

त्यानंतर वेलांटीरावांनी प्रकरणाला वाहून घेतलं. मूळ कागदपत्रांतल्या खऱ्या चुका तीन आठवडे पुरल्या. त्या संपल्यावर स्वतः करणं भाग पडलं. पहिल्यांदा 'उत्तरेस'मधला एक त काढताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पण सरावाने हात बसला. एका अर्जाला एकच चूक, तीही तिसऱ्या पानावर, अशी की सुनावणी पाऊण तास चालल्यावरच ती साहेबांच्या नजरेस पडावी. एकदा त्यांनी चतुःसीमेत दोन पूर्वा घातल्या आणि पश्चिम वगळली. त्या दिवशी सुनावणी दोन तास चालली आणि आत्याने चहासुद्धा उभ्यानेच घेतला. साहेबांचीही तक्रार नव्हती. वर्षाखेरीच्या अहवालात त्यांच्या कार्यालयाने विक्रमी सुनावण्या घेतल्याची नोंद झाली आणि वरून अभिनंदनाचं पत्र आलं. त्यात पाच चुका होत्या. वेलांटीरावांनी त्या तशाच राहू दिल्या.

घरी खोली अजून जैसे थे आहे. वायरमन दर सोमवारी चौकटीबाहेरून मीटर लावतो आणि भिंतीवर खाली खाली आकडा लिहीत जातो. परवा विसावं ४४ लिहिलं गेलं. आत्या ते बघायला उठून येते, आपल्या पायांनी.

गेल्या गुरुवारी साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. कानटोपी, मांडीवर फाईल, नजर थकलेली. त्यांनी आपणहून विचारलं, "तुमचं कधीपासून चालू आहे? मी दोन महिने येतोय. वडिलांच्या खोलीची जमीन गरम करायची होती. आता त्यांना उठवतही नाही हो. साहेब म्हणतात, एकच प्रकरण पुढे आहे, ते निघालं की लगेच तुमचं."

वेलांटीरावांनी सवयीने त्यांच्या हातातला अर्ज घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. 'जमीन' हा शब्द तीनदा आला होता. तिथे 'अभिलेख शुष्कीकरण' लिहा, एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण उद्या चार जणांना ते कळलं, तर वरून कोणीतरी चौकशीला येईल, साहेबांच्या खोलीतलं बटण बंद होईल. आतून आत्याच्या पावलांचा आवाज येत होता, एकसारखा, न अडखळता.

"छान लिहिलाय," वेलांटीराव कागद परत देत म्हणाले. "एकही चूक नाही."

गृहस्थांना बरं वाटलं. ते पुन्हा बाकावर टेकून बसले.

तेव्हा तुमचाही एखादा अर्ज बरेच दिवस कुठे अडकला असेल, तर उगाच साहेबांच्या नावाने बोटं मोडू नका. ते रोज वेळेवर येतात. वेलांटीरावांनाही दुष्ट म्हणू नका. तुमची आत्या त्या खोलीत चालत असती, तर तिसऱ्या पानावर काय करायचं हे तुम्हाला कोणी शिकवावं लागलं नसतं. आणि अर्जाची काळजी तर मुळीच करू नका. तो हरवलेला नाही. साहेबांच्या खोलीत, भिंतीकडेच्या गठ्ठ्यात, खालून चौथा आहे, आणि अगदी कोरडा आहे.